कपाळाला लावलेला कोयता

आये, तुला लिहितेय कारण मी घाबरलेय. तू असतीस तर दोन शिव्या हासडून भीती पळवली असतीस. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मला आपल्या वेसाव्याच्या मासळीबाजारात जायची भीती वाटतेय.

तुला जुहूचं ते शूटिंग आठवतं का? मी दहा वर्षांची आहे, आपण दोघी गर्दीत उभ्या आहोत. एक गोरीपान हिरॉइन आपल्यासारखं लुगडं नेसून नाचतेय आणि तिच्या टोपलीत रबराची मासळी आहे. तू सगळ्यांदेखत हसतेस. "पापलेट असा धरतान? जा गो, दाखव तिला!" मग एक माणूस येऊन आपल्याला मागे ढकलतो, कारण आपण कॅमेऱ्यात दिसत असतो. घरी येईपर्यंत तू त्याचा उद्धार करत होतीस. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं होतं, की एक दिवस मीच त्या कॅमेऱ्यात दिसेन.

यंदा दिसले. मोठा थ्रिलर आहे, शुक्रवारी लागतोय. नाच नाही, गाणं नाही, चांगला मोठा रोल, बोलणंही आपलंच. फक्त मी केलेली कोळीण खुनी आहे. मी विचारलं, "खुनी आम्हीच का?" तर डायरेक्टर म्हणाला, "अगं, सगळ्यात भारी रोल आहे यार! तुमच्या लोकांना कोण देतं असा?" मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं.

आता ट्रेलर आलाय. त्यात मी कोयत्यावर पाणी शिंपडते आणि तो कपाळाला लावते, तू रोज पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी लावायचीस तस्साच. मग अंधार होतो आणि किंकाळी ऐकू येते. लहानपणी मी तो कोयता खेळायला घेतला होता तेव्हा तू फाडकन मुस्काटात मारली होतीस. "खेलाचा नाय गो तो. पोट हाय आपला." तो गाल आज पुन्हा दुखतोय.

सकाळी मावशीचा व्हॉइस मेसेज आला. तुझ्या जागेवर आता तीच बसते. "आज कोयता कपालाला लावला, तं एक बाई मोबाईल काढून हसली. बोलली, माणसा पन कापतेस काय? आता मना लाज वाटते गो. उद्या बाजारान ये, बोलाचा हाय." चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने चारचौघींत मारलं तरी मी सोसेन. पण ती मला जवळ बसवून, पाठीवरून हात फिरवत विचारेल, "तुला त्यांनी जबरदस्तीन कराला लावला ना?" त्याचीच मला भीती वाटतेय.

कारण सगळ्यांना मी तेच सांगितलंय. हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवणार होते, पण उद्या मावशीच्या हाती लागला तर? फाडूनच टाकेन. आये, कोयता कपाळाला लावतात हे त्या डायरेक्टरला माहीतच नव्हतं. पहिल्या टेकला मी कोयता नुसताच उचलला होता. तो म्हणाला, "मजा नाही आली, काहीतरी हटके कर ना." आणि मला तू आठवलीस.