लाउडस्पीकरवर तुमचं नाव

बाबा, मे महिन्यातल्या एका रविवारी भरदुपारी मी तुमचं नाव लाउडस्पीकरवर ऐकलं. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होते आणि आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत. इतक्या वर्षांत तुमचं नाव मोठ्यानं कोणी घेतलेलं आठवत नाही. धाकट्याच्या आधार कार्डावर ते मधोमध बसून आहे. माझ्या नावातून तर ते लग्नाबरोबरच निघून गेलं. आणि त्या दिवशी हजार माणसांच्या डोक्यावरून, सिनेमाची गाणी बंद करून, कोणीतरी ते स्वच्छ उच्चारलं. पुढे ‘श्री’ लावून.

आम्ही नागपूरजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये होतो. हे प्रकरण तुम्हाला कसं समजावून सांगू? तिकीट काढून आत जायचं आणि दिवसभर पाण्यात पडायचं. उंचच उंच प्लास्टिकच्या नळ्या असतात, त्यांतून चांगली पोक्त माणसं किंचाळत खाली येतात. एका मोठ्या हौदात यंत्रानं लाटा सोडतात आणि समुद्र कधी न पाहिलेली आपली सगळी माणसं त्यात खांद्याला खांदा लावून उभी असतात. बाजूला सिमेंटचा किल्ला, किल्ल्यावर सिमेंटचा डायनासोर. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून गेटवरच्या माणसानं भावजयीच्या पिशवीतून दशम्या आणि ठेचा काढून ठेवला. साडी नेसून पाण्यात उतरू देत नाहीत, त्यांचाच भाड्याचा नायलॉनचा ड्रेस घालावा लागतो. घरी नळाची वाट बघत बसणारी मी, पुसदच्या शाळेतली कडक बाई, निळ्या नायलॉनच्या पायजम्यात तिथं उभी होते. तुम्ही पाहिलं असतं तर हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता.

मायला घेऊन गेलो होतो. माय आता विसरते, बाबा. आधी डब्याची झाकणं विसरली, मग वार, मग नातवंडं. धाकट्याला कधी भाऊजी म्हणते, कधी घरमालक समजून घाबरते. गॅस चालू ठेवून अंगणात बसते. दोनदा आर्णीच्या बसस्टँडवर सापडली, अनवाणी. तुम्ही मात्र तिच्या डोक्यातून जायला तयार नाही. संध्याकाळ झाली की दारात उभी राहते आणि विचारते, “जिनिंगातून आले नाई अजून?” कारखान्यातून तुम्ही यायचात तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत कापूस असायचा, आणि ती तुम्हाला उंबऱ्यातच थांबवून पदरानं झटकायची, आठवतं? ती अजूनही पदर हातात धरून उभी राहते. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. सांगितलं की ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची, आणि तासाभरानं पुन्हा दारात. घरात तुमचा एकच फोटो आहे, हार घातलेला. तो पाहिला की म्हणते, “ह्याइले हार कायले घातला व?” शेवटी भावजयीनं तो कपाटात ठेवून दिला.

भावजयीला बोल लावू नका. तिनं जेवढं केलं तेवढं मी पोटची असून केलं नाही. तिची पाठ गेली, झोप गेली. धाकट्याचं मोबाइलचं दुकान अर्धा वेळ बंदच असतं. आणि माझ्याकडे दोन खोल्या, त्यातल्या एकीत अंथरुणाला खिळलेले सासरे. चुकतंय कोणाचं तेही सापडत नाही, नाहीतर भांडून तरी मोकळं झालो असतो. शेवटी ठरलं. नागपूरच्या बाहेर अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक घर आहे, तिथं तिला ठेवायचं. जायच्या दिवशी ती हसली तरी पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. पोरांच्या सुट्ट्या होत्या, पार्क रस्त्यातच लागत होता. दिवसभर तिथं राहू आणि संध्याकाळी तिला पोचवू, असं मीच सुचवलं. पोरांना सांगितलं, आजी थोडे दिवस दवाखान्यात राहणार आहे. डिकीत टॉवेलांखाली तिची पिशवी होती. दोन लुगडी, चादर, गोळ्या, खोबरेल तेलाची बाटली. सकाळी गाडीत बसताना तिनं मला विचारलं, “कोनाचं लग्न हाय व?” मी म्हटलं, जवळचंच आहे.

ती खरोखर हसली, बाबा. लाटा आल्या की पोरं ओरडायची आणि ही पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसून टाळ्या वाजवायची. भजी आणली तर चार खाल्ली. मला वाटलं, नको, परत घेऊन जाऊ हिला. धाकट्याकडे पाहिलं तर तोही तिच्याकडेच बघत होता, आणि लगेच त्यानं तोंड फिरवलं. आमच्यापैकी कोणी एक जरी बोललं असतं ना, तर तो दिवस वेगळा गेला असता. मी कुल्फी आणायला रांगेत उभी राहिले, भावजय पोरीला कपडे बदलायला घेऊन गेली, आणि आम्हा दोघींना वाटलं की दुसरी मायजवळ आहे. परत आले तर बाक रिकामा.

सगळे निळ्या नायलॉनमध्ये आणि एकटी ती हिरव्या लुगड्यात. सापडायला किती सोपी, नाही का? पण गर्दीत शिरायला जागाच नव्हती. मी ओली, घसरत, माणसं ढकलत धावत होते. लोक चिडत होते, काही जण मला बघून हसत होते. मला दीक्षाभूमीवरचा तो दिवस आठवत होता. मी लहान होते, धाकटा मायच्या कडेवर होता, तुम्ही पाणी आणायला गेलात आणि माय तुम्हाला शोधायला उठली. मग तुम्ही तिला शोधत फिरलात, ती तुम्हाला, आणि मी तिचा पदर धरून रडत होते. भेटलात तेव्हा ऊन उतरलं होतं. तुम्ही तिच्यावर कधी ओरडत नव्हता, त्या दिवशी ओरडलात. “हरपलं तं फिराचं नाई! जिथं हाओ तिथंच उभं राह्याचं. मी येतो न!” माय खाली मान घालून उभी होती. मग तुम्हीच तिला उसाचा रस पाजलात.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि एक पोरगी बोलायला लागली. आर्णीहून आलेले श्री, आणि मग तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव, आडनाव. “तुम्ही जिथं असाल तिथून मुख्य गेटजवळच्या ऑफिसमध्ये या. तुमच्या मिसेस तुमची वाट पाहत आहेत.” एकदा मराठीत, एकदा हिंदीत. धाकटा लाटांच्या हौदात शोधत होता. तो तिथंच उभा राहिला, छातीएवढ्या पाण्यात. तुम्ही गेलात तेव्हा तो इतका लहान होता की तुमचा आवाजही त्याला आठवत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी तो मला पुन्हा तेवढाच दिसला.

ऑफिसात माय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, पाहुण्यांसमोर बसते तशी. माइकवाली पोरगी पंचविशीची असेल, हातात नव्या लग्नाचा हिरवा चुडा. ती कौतुकानं सांगायला लागली. आजी गेटजवळ उभ्या होत्या, कोणी हात धरला तरी हलेनात, शेवटी आजोबांना माइकवरून बोलावते म्हटल्यावर आत येऊन बसल्या. स्वतःचं नाव विचारलं तर आठवेना. मुलाचं, मुलीचं, काहीच आठवेना, गाव तेवढं आर्णी म्हणाल्या. आजोबांचं नाव विचारलं तर नुसत्या लाजून मान हलवायच्या. “मग माझ्या लक्षात आलं, अशा नाही सांगणार त्या. मी म्हटलं, आजी, उखाणा घ्या. आणि घेतला की हो! हिरव्या वावरात कापूस पांढरा फट्ट, आणि पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, आणि म्हणाल्या, पुरा झाला का बाई तुहा हट्ट?” पोरगी हसत होती. तुमच्या जिवंतपणी मायनं तुमचं नाव चार माणसांच्या आग्रहाशिवाय घेतलं नाही, तुम्ही गेल्यावर तर कधीच नाही. माझं नाव तिच्याकडे उरलेलं नाही. तुमचं होतं, उखाण्यात गुंडाळून ठेवलेलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला तुमचा राग आला.

माय आमच्या मागे, दाराकडे बघत होती. मी म्हटलं, चल माय. ती म्हणाली, “तुमी कोन व? मी त्याइले बलावलं. थे येतो म्हनले. मी इथून हालत नाई.” तुमचा तो एक ओरडा तिनं किती नीट सांभाळून ठेवला होता, बाबा! पोरगीनं हळूच मला विचारलं, आजोबा कुठं आहेत, म्हणून. मी मान हलवली. ती समजली आणि तिनं माइकचं बटण उगीचच दोनदा दाबून पाहिलं. धाकट्याचा मात्र तोल गेला. “माय, बाबा मेले ना! कितीकदा सांगू तुले? मेले थे!” आणि माय ओरडली. कपाळ बडवत, जमिनीवर बसून, तुम्ही गेलात त्या दिवशी दवाखान्यात तुमच्या अंगावरची चादर धरून रडली होती तशी. दारात गर्दी जमली. ओले, निळे, हातात आइस्क्रीम धरलेले लोक. कोणीतरी मोबाइल वर धरला. धाकटा तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि तिचे हात धरून म्हणत राहिला, चुकलं माय, चुकलं. थोड्या वेळानं तिचा श्वास निवळला. तिनं डोळे पुसले, खुर्चीवर नीट बसली आणि मला विचारलं, “आले नाई अजून?”

तेव्हा मी बोलले. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं आणि किती सहज आलं ते तोंडात! “माय, बाबानं निरोप धाडला. थे तिकडं येऊन थांबले हायेत. तुले घेऊन या म्हनले.” ती ताडकन उठली. एवढा वेळ दोघा-तिघांना हलली नव्हती ती. म्हणाली, “मंग आधी नाई का सांगाचं! उन्हात उभे असतीन थे.” तिनं भावजयीकडून फणी मागून केस नीट केले. उरलेली दोन भजी कागदात बांधून घ्यायला लावली, तुमच्यासाठी. गाडीत ती खिडकीशी बसली आणि सारखी पुढे वाकून ड्रायव्हरला, म्हणजे आपल्याच पोराला, सांगत होती, “जरा लवकर चालवा भाऊ.” मागच्या सीटवर माझी भाची मला हळूच म्हणाली, “आत्या, आजोबा तं नाहीत ना?” मी तिला गप्प केलं.

त्या घराचं दार एका बाईनं उघडलं. आम्हाला भीती होती की माय रडेल, आम्हाला धरून ठेवेल, आणि मग आमच्यानं होणार नाही. तसं काही झालं नाही. ती भज्यांची पुडी घेऊन आमच्या पुढे, झपझप आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. धाकट्यानं पिशवी दारात ठेवली, कागदांवर सह्या केल्या आणि गाडीत येऊन बसला. गाडी सुरू करायला त्याला फार वेळ लागला.

आता तिथल्या बाई फोनवर सांगतात, जेवण बरं आहे, त्रास काही नाही, दिवसभर व्हरांड्यात बसते आणि बाकीच्या म्हाताऱ्यांना सांगते, आमचे हे येऊन राह्यले, आत्ता पोचतीन. मी फोन केला तर माझ्याशी बोलत नाही, तुम्हाला द्या म्हणते. मग मी सांगते, आंघोळीला गेलेत. सांगते, बजारात गेलेत. ती म्हणते, बरं. भेटायला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिनं माझ्या मागे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिसऱ्यांदा जायला माझे पाय उचलत नाहीत. ती मरेल तेव्हा दाराकडेच बघत असेल, आणि ते मी केलेलं असेल. तुम्ही शिकवलेलं आणि मी वापरलेलं. यातून सुटायचा रस्ता मला दिसत नाही, बाबा. कोणी दाखवला तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

पुसदच्या पोस्टात एवढ्यात जाणं झालं होतं, रजिस्टर करायचं होतं काहीतरी. तुम्हाला लिहिलेले हे कागद पर्समध्ये होते. पत्ता लिहायचा तर कुठला लिहिणार? तसेच परत आणले. एक सांगायचं राहिलं, ते धाकट्यालाही माहीत नाही. त्या संध्याकाळी ते दार उघडलं आणि माय आत गेली, तेव्हा तिच्या खांद्यावरून मीही आत पाहिलं होतं, तुम्ही आहात का म्हणून.