तोंडावरचं फडकं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तसं काही नाही.

तुमच्या मुख्य कचेरीतून आलेले नवे मास्क वाटले. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘सुरक्षा’ लिहिलंय. आमची माणसं ते लावून ओट्याचे दगड कापतात आणि तासाभराने काढतात, तर आतून मिशा पांढऱ्या. ही धूळ पिठाहून बारीक, गालाजवळच्या फटीतून सरळ आत जाते. तुझ्या भावजींचा खोकला थांबत नाही. विचारलं की म्हणतात, दगडात काम करायचं तर एवढं चालायचंच. मी सुपरवायझर, म्हणजे खालच्यांनी माझ्यावर चिडायचं आणि वरच्यांनी माझं ऐकायचं नाही. तू खरेदी विभागात बसतोस ना? मग साहेबांच्या कानावर घाल. आणि वेळेवर जेवत जा, फोटोत नुसता सांगाडा दिसतोस.

माया करणारी (आणि वैतागलेली),
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चौकशी केली. मास्कवरचा मानकाचा शिक्का खरा आहे, पण तो दवाखान्यात वापरायच्या मास्कचा. तोंडातून उडणारे थेंब अडवण्यापुरता. दगडाच्या धुळीसाठी मानक वेगळं आणि मास्कही वेगळा. तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, आणि बसलाय की नाही ते प्रत्येकाचं तपासावं लागतं. साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, मास्क तो मास्क. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, बहीण तिथे आहे म्हणून एवढा कळवळा का? मी हो म्हटलं.

प्रस्ताव वर पाठवायला दिलाय, थोडा धीर धर. तोवर पाणी सोडूनच कापायला लाव. भावजींना डॉक्टरकडे ने आणि दाढी काढायला सांग, दाढीवर नवा मास्क बसणार नाही. हे मी सुचवलं असं मात्र सांगू नकोस, मला पुन्हा तुमच्या घरी यायचंय.

तुझा लाडका (दुसरा भाऊ नसल्याने),
धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. धीर धर म्हणालास, धरला. पाण्याची नळी मागितली, तीही ‘मागवलीय’ एवढंच ऐकते आहे.

भावजींना शेवटी डॉक्टरकडे नेलं. फुप्फुसांवर धुळीने व्रण पडलेत. ते भरून येत नाहीत, आणि यापुढे धुळीत पाऊलही टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर हे म्हणतात कसे, दाढी उगाच काढली. मी हसले, आणि मग तिथेच बाकावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि सगळ्या यंत्रांचे खटके बंद केले. व्यवस्थापकांना सांगितलं, धुळीचे मास्क आणि पाणी येईपर्यंत माझ्या विभागात दगड कापला जाणार नाही. ते खूप ओरडले. आमच्यातलेही काही माझ्याशी बोलेनासे झालेत. त्यांचा रोज बुडतोय, रागावणारच. तुझ्या प्रस्तावाचं काय झालं? ‘वर आहे’ एवढं मात्र लिहू नकोस, पत्र फाडून टाकीन.

तुझी,
ताई

१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. प्रस्ताव वर गेलाच नव्हता. साहेबांच्या खणात पडून होता. तुझं पत्र वाचलं आणि परवानगी न घेता सरळ मालकीणबाईंच्या खोलीत शिरलो. भावजींचं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, काम किती दिवस बंद आहे? उत्तर ऐकलं आणि तिथल्या तिथे फोन उचलला. आनंद मानू की भिंतीवर डोकं आपटू, कळत नाही.

मास्क निघालेत, नळ्याही. मास्क कसा बसतो ते तपासणारा माणूस सोबत येतोय. माझी बदली गोदामात झाली. जिवाला लावून घेऊ नकोस, इथे निदान साहेब नाहीत. भावजींशी काय बोलावं सुचत नाही म्हणून त्यांना वेगळं पत्र लिहिलं नाही. त्यांना माझा नमस्कार.

तुझा,
धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मास्क चांगले आहेत, पाणीही आलं. पण माणसं कुरकुरतात, गरम होतं, नाक दुखतं म्हणतात. दिवसभर एकेकाच्या मागे लागते. घसा बसलाय.

काल व्यवस्थापक फोटो काढायला आले, मास्क हनुवटीखाली लटकवून. मी दारातच अडवलं. नीट बसल्याशिवाय आत सोडणार नाही म्हटलं. सगळे बघत होते, त्यामुळे त्यांना लावावा लागला. पट्टे मी स्वतः आवळले. थोड्याच वेळात बाहेर येऊन त्यांनी तो ओढून काढला आणि तक्रार केली की यात श्वासच घेता येत नाही, माणसाने काम करायचं कसं.

तेव्हाच तुझे भावजी कारखान्यात राहिलेले आपले कपडे न्यायला आले होते. जिना अर्धा चढून मधल्या पायरीवर बसले होते, कठड्याला धरून, तोंड उघडं टाकून. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी मास्क पुन्हा चढवला आणि आत गेले.

मला समाधान वाटलं का, असं विचारशील. नाही रे. अजून राग येतो. सुट्टी मिळाली की ये. यांच्याशी काय बोलायचं याची काळजी करू नकोस, नुसता शेजारी बसलास तरी पुरे.

वाट पाहणारी,
ताई