दहावी ‘ब’ मला कधीच विसरणार नाही

२ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. चहा दिवसातून दोनदाच. वर्गात आवाज चढवायचा नाही, नजरेने काम भागवायचे. मुख्याध्यापक व्हायचे.
तिसरा झाल्यातच जमा आहे. आमचे मोठे सर मेमध्ये रिटायर होतात. खुर्चीसाठी दोनच नावे: मी आणि विज्ञानाच्या संध्या मॅडम. ठरवणार संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव. हा माणूस अकोटच्या आमच्या शाळेत वर्षातून एकदाच मनापासून बसतो, दहावीच्या निरोप समारंभाला. पोरे रडली की तेही रडतात, आणि रडता रडता निर्णय घेतात. गेल्या वर्षी ज्यांच्या नावाने पोरे रडली ते जागच्या जागी पर्यवेक्षक झाले. ज्यांचे नाव कोणीच काढले नाही ते आता संस्थेच्या हिवरखेडच्या शाखेत आहेत. रोज एसटीने जातात. धुळीसकट परत येतात.
दहावी ‘ब’चा वर्गशिक्षक मी. म्हणजे काळजीच नाही.

५ जानेवारी
वर्गाला ‘शाळेतील अविस्मरणीय आठवण’ लिहून आणायला सांगितले. समारंभात वाचायची आहे. हिवरखेडहून येणारी नीलम उठली (तोंडाळ मुलगी, पण अक्षर चांगले). विचारते, सर, खरीखुरी लिवाची का? म्हटले, अर्थात. ती बसली. वर्ग एकदम चिडीचूप. सत्याचा असा संस्कार वेळीच व्हायला हवा.

७ जानेवारी
आठवणी वाचल्या. निराशा.
संध्या मॅडमच्या तासाला फुटलेली परीक्षानळी सगळ्यांना आठवते. मागच्या अंगणातले बोरीचे झाड आठवते. शिपाई देवमन आठवतो. मी फक्त दोन ठिकाणी. धम्मदीप लिहितो की त्याने तीन वर्षे इतिहास दाराबाहेर उभे राहून ऐकला. ऐकला ना? मग? माधवी लिहिते की मी तिचा डबा सगळ्यांसमोर उघडून भाकरीवर भाषण दिले, तेव्हापासून ती डबा आणत नाही. भाषण सकस आहारावर होते, हे लिहायला विसरली.
भाषा कच्ची, दृष्टिकोन त्याहून कच्चा. सगळ्या आठवणी मीच नव्याने लिहून देणार. मुलांना तेवढाच अभ्यासाला वेळ.

११ जानेवारी
हात दुखून आला, पण काम उत्तम झाले. नीलमसाठी: ‘निचळ सर म्हणजे रणरणत्या उन्हातला वटवृक्ष.’ धम्मदीपसाठी: ‘सरांनी मला स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवले.’ यात खोटे काय आहे? माधवीसाठी: ‘माझ्या पोटात काय जाते याची काळजी आईनंतर सरांनीच केली.’ कंठ कुठे दाटायचा, तेही समासात लिहून ठेवले.
वर्षालीला वाचून दाखवले. बायकोकडून दाद मिळण्याची अपेक्षा नव्हतीच. म्हणाली, तुमी आपलीच आरती आपणच लिहून राह्यले, अन् ताट लेकरायच्या हाती देऊन राह्यले. म्हटले, तुला साहित्यातले कळत नाही. म्हणाली, नाही कळत, पण लेकरायचं कळते.
चहा पाचवा. लेखनाचा चहा संकल्पात धरलेला नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. अख्खा वर्ग रांगेने तिळगूळ द्यायला आला. प्रत्येकाने हात जोडले, सर, गोड बोला म्हटले, आणि मागे सरकला. कोणी हसले नाही. कोणी कोणाला ढकलले नाही. तीन वर्षांत असे कधी घडले नव्हते. शिस्त मुरायला वेळ लागतो, पण मुरते.
घरी सांगितले. वर्षाली म्हणाली, मले तं भेव वाटून राह्यलं बाप्पा. आपली पिंकी अशी चूप बसली होती त्या दिवशी तिनं मिक्सरचे स्क्रू काढून ठेवले होते.
कुठे मिक्सर, कुठे दहावी ‘ब’.

१९ जानेवारी
रंगीत तालीम. सगळ्यांचे सगळे पाठ! पानिपतचे साल ज्याच्या डोक्यात कधी राहिले नाही, त्या धम्मदीपचे स्वल्पविरामासकट पाठ. खूश होऊन म्हटले, बाळा, आजपासून आत बस. म्हणाला, राहू द्या सर, आता सवय झाली. आणि दारात उभा राहूनच बोलला. तो बोलत असताना बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. सगळेच. पापणी न हलवता.
एवढी एकाग्रता मी अभ्यासात पाहिली असती तर!

२२ जानेवारी
देवमन कानात सांगून गेला. सर, पोरं काहीतरी शिजवून राह्यले. शाळा सुटल्यावर दार लावून बसतेत. मी झाडू घेऊन गेलो तं सारे एकदम गप.
उघड आहे. भेटवस्तू. बहुधा घड्याळ. त्या दिवशी मनगट रिकामे ठेवणे.

२५ जानेवारी
अमरावतीहून नवी सफारी शिवून आली. अकोल्याला नावाची पितळी पाटी करायला टाकली आहे, ‘दे. ना. निचळ, मुख्याध्यापक’. वर्षाली म्हणाली, खुर्ची तं येऊ द्या आधी. म्हटले, पाटीला वेळ लागतो, खुर्ची तयारच आहे. ती उठून आत गेली. आजकाल कोणीच काही बोलत नाही.

२८ जानेवारी
स्टाफरूममध्ये संध्या मॅडम जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, निचळ सर, जरा जपा. मी काल तुमच्या वर्गाला विचारलं, निरोपाला काय करताय? तर म्हणतात, सर सांगतील तेच. मला ते ऐकून बरं नाही वाटलं.
मत्सर. माणसाला आतून पोखरतो. त्यांना गोळी घ्यायला सांगितली. मलाही रात्री झोप लागत नाही, पण ती उत्सुकतेने.

१ फेब्रुवारी, सकाळी
सफारी बसते. मनगट रिकामे. चहा नाही. म्हणजे तिसरा नाही.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी
जसे घडले तसे लिहितो.
पोरांनी एक शब्द गाळला नाही. नीलमच्या वटवृक्षाला पंजाबरावांनी रुमाल काढला. धम्मदीप ‘स्वतःच्या पायांवर’ म्हणाला तेव्हा त्यांना हुंदका फुटला. माधवीच्या वेळी मीही रडलो. वाक्य माझेच होते, तरी. संध्या मॅडमचे नाव एकदाही आले नाही. मनात म्हटले, झाले. संपले. मिळाली खुर्ची.
तेवढ्यात नीलम पुन्हा माइकपाशी आली. हे मी लिहिलेले नव्हते.
म्हणाली, अध्यक्ष साहेब, आमी तं आता चाललो. आमचं सोनं झालं. पण हिवरखेडच्या शाळेत आमचे लहान भाऊ-बहिणी हायेत. त्यायले असा वटवृक्ष कोन देईन? आमाले घड्याळ नको, फोटो नको. आमचे सर तेवढे त्यायले द्या.
अख्खा वर्ग उभा राहिला. हात जोडून. पहिल्यांदाच मला सगळ्यांचे चेहरे एकदम दिसले. एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हते.
पंजाबराव लटपटत उठले. माइक धरून म्हणाले, दिला! असा मानूस खुर्चीत कोंडून काय करता? खुर्ची संध्याबाई पाहतीन. निचळ, तुमी लेकरायचे आहा, लेकरायतच राहा.
टाळ्या पुष्कळ वेळ वाजल्या. संध्या मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या.

२ फेब्रुवारी
प्रेमाचा अतिरेक झाला, इतकेच. भावनेच्या भरात बोलले गेलेले मागे घेता येते. पंजाबरावांच्या घरी गेलो. मला बघताच त्यांचे पुन्हा सुरू झाले. म्हणाले, निचळ, म्या लेकरायच्या डोयातलं पानी पाह्यलं.
ते पाणी मीच लिहिले होते, हे सांगता आले असते. तोंडापर्यंत आले होते. मग चहा आला. तो प्यायलो आणि निघालो.
बाहेर धम्मदीप सायकल धरून उभा होता. सहज निघालो होतो म्हणाला. विचारले, बाळा, हे कोणी सुचवले? म्हणाला, तुमीच तं म्हनले होते सर, खरीखुरी लिवा. ते तुमाले नाही आवडलं. मंग तुमी लिवलेलंच खरं धरलं.
वाकून पाया पडला आणि गेला.

१२ मे
बदलीचा आदेश आला. वर्षालीने वाचला आणि डब्यासाठी नवी पिशवी शिवायला घेतली. टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

३० जून, हिवरखेड
शाळा सुरू. आठवीचा वर्ग मिळाला. संकल्प: नवी सुरुवात. चहा एकदाच.
मुले शांत आहेत. विचारले, मला ओळखता का? सगळे म्हणाले, होऽऽ. पहिल्या बाकावर नीलमची धाकटी बहीण आरती. म्हणाली, ताईनं सारं सांगतलं. म्हटले, वा. मग तिने विचारले, सर, तुमी इथं किती दिवस रायसान? म्हटले, आता रिटायर होईपर्यंत इथेच. वर्गाने एकमेकांकडे पाहिले.
आरती म्हणाली, मंग ठीक हाये. आमाले टाइम भेटते.
कशाला, हे विचारणार होतो. हजेरी घेतली.
सगळे हजर.