भेकर म्हणून वळलो

ता. ४ मार्च

चि. बारक्यास, ताईचे अ. उ. आ.

महिनाभर पत्र नाही म्हणून फुगून बसला असशील. फुग, पण हे शेवटपर्यंत वाच.

तुझ्या भाऊजींना निलंबित केलंय. गेल्या महिन्याच्या दहा तारखेला दुपारी हे एका मोजणीदाराला घेऊन जंगलात गेले होते. नवा रस्ता कुठून न्यायचा ते बघायला तो शहरातून आला होता. नाल्याच्या वरच्या अंगाला हे थांबले, तो एकटाच खाली उतरला, आणि वाघाने त्याला मारलं. ओरडा ऐकून हे काठी घेऊन धावले, पण काही उरलं नव्हतं करण्यासारखं. त्याला खांद्यावर घालून वर यांनीच आणलं.

थांबल्या थांबल्या, काही घडायच्या आधी, यांनी गस्तीच्या वहीत लिहिलं होतं: ‘नाल्यात भेकर. म्हणून वळलो.’ कचेरीत टाइप करताना कुणीतरी ‘र’चा ‘ड’ केला आणि मधलं टिंब खाल्लं. चौकशीच्या कागदात आता आहे: ‘नाल्यात भेकड म्हणून वळलो.’ वनरक्षकाने आपल्या हाताने कबुली दिली, असं झालंय सगळं. आमच्या दारावर खडूने तो शब्द लिहिला होता. मी ओल्या फडक्याने पुसला, तरी ऊन पडलं की दिसतो.

मूळ वही घेऊन मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, भेकर असा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही. आणि हे तर तोंडच उघडत नाहीत.

तू शब्दकोशाच्या कार्यालयात लागलास तेव्हा आम्ही तुला शब्दांचा गुराखी म्हणून चिडवायचो. आता तेवढं एक जनावर हाकून आण रे बाबा. जीव टांगणीला लागलाय.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस, बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी कपाट उघडलं. शब्द आहे, पण त्याच्या कार्डावर काय आहे ते लिहायला हात धजत नाही. ‘भेकर: हरणाची एक लहान जात. (ला.) भित्रा माणूस.’ हे चौकशी समितीच्या हाती पडलं तर आगीत तेलच. एरवी आपण त्या कंसातल्या ‘ला.’ला, म्हणजे लाक्षणिक अर्थाला, किती मान देतो! परवा मला तो फाडावासा वाटला.

मुख्य संपादकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, अर्थ आपण बनवत नाही, लोक वापरतात तो टिपतो. जंगलाकाठची माणसं हा शब्द कसा वापरतात, त्याची वाक्यं मागव. भाऊजींना बोलतं कर.

तुम्हा दोघांचा,
बारक्या

ता. २० मार्च

चि. बारक्यास, अ. आ.

हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तेव्हा माझ्याकडूनच घे.

भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. वाघाची चाहूल लागली की भुंकतच राहतं. गवत कापताना एखादी नुसतं ‘भेकर’ म्हणाली, की आम्ही विळे उचलून घरचा रस्ता धरतो. हरीण कुठंय, असं कुणी विचारत नाही. हे घरी येऊन ‘आज भेकर होतं’ म्हणाले, की त्या दिवशी वाघ जवळ होता, एवढंच मला कळतं.

ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस सा. न.

सोबत सही-शिक्क्याचा दाखला, की जंगलाकाठी ‘भेकर’ म्हणजे वाघ जवळ असल्याची खूण. तुझी वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत. मुख्य संपादक म्हणाले, तुझी बहीण आमच्यात हवी होती. भाऊजींना सांग, आता मान वर करून जा.

बारक्या

ता. १९ एप्रिल

चि. बारक्यास, अ. उ. आ.

दाखला समितीने वाचला. वही पाहिली, भेकर मान्य झालं. हे सुटले. तुझ्या कष्टांचं चीज झालं म्हणायचं.

उठता उठता अध्यक्षांनी सहज विचारलं, की मोजणीदाराला सावध करताना तुम्ही नेमकं काय म्हणालात. दोन महिन्यांत यांना कुणी हे विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. हे म्हणाले, मी म्हटलं, साहेब, भेकर आहे. त्याने विचारलं, भेकर म्हणजे? हे वहीत लिहीत होते, मान खाली घालूनच म्हणाले, हरीण. तो खूश झाला. मुलीला हरणाचा फोटो कबूल केलाय म्हणाला. यांनी मान वर केली, तोवर तो कॅमेरा काढून उतरला होता.

कामावर हजर होण्याचा हुकूम आलाय. यांनी गणवेश धुऊन, इस्त्री करून कचेरीत परत दिला.

काल मोजणीदाराची बायको मुलीला घेऊन आली होती. गैरसमज झाला, माफ करा म्हणाली. मी पाणी दिलं. मग तिने चाचरत विचारलं, शेवटी त्यांना हरीण दिसलं का? हे तिच्या पायांकडे बघत म्हणाले, दिसलं. अगदी जवळून दिसलं. मुलीने विचारलं, केवढं होतं. यांनी हाताने उंची दाखवली.

त्या गेल्या, तरी यांचा हात तसाच होता. मी धरून खाली घेतला.

तू सध्या येऊ नकोस. आम्हा दोघांवर माया असू दे.

ताई