साक्षीदाराची सही

चिखली
२१ डिसेंबर २०२४

प्रिय प्रतीक्षा,

सलाम. आपल्या सासूबाईंनाही सलाम सांग. त्यांचे गुडघे कसे आहेत? इथे नाताळचे ब्लाऊज शिवून माझी मान आखडली आहे. बाकी बरं.

तुझ्या लग्नाची पत्रिका मिळाली. चर्चच्या रजिस्टरवर तुझ्या बाजूने साक्षीदार म्हणून माझी सही हवी, असं लिहिलंस. वाचलं आणि जळले. खोटं कशाला बोलू?

आपले नवरे, दोघे भाऊ, जीपच्या एकाच अपघातात गेले, तेव्हा आपण दोघी सारख्याच विधवा. मी माहेरी निघून आले. तू सुलतानपूरला सासूबाईंजवळ राहिलीस, आपल्या चुलत दिरांच्या, अविनाशभाऊंच्या वावरात कापणीनंतर पडून राहिलेला सोयाबीनचा सरवा वेचलास. आता पाळकसाहेब लग्नात बायबलातल्या रूथची गोष्ट सांगतील, विधवा सून सासूजवळ राहिली, सरवा वेचला आणि त्याच शेताच्या मालकाची बायको झाली, आणि सगळे तुझ्याकडे बघतील. त्याच गोष्टीतली दुसरी सून अर्पा सासूचा मुका घेऊन माहेरी गेली. तिचं पुढे कसं झालं, हे कुणी विचारत नाही.

तुला ठाऊक नसेल, ऑक्टोबरात अविनाशभाऊ माझ्याकडे आले होते. बिनलग्नाचे, एकटेच आलेले. आल्या आल्या म्हणाले, "वयनी, लग्नाचं बोलाले आलो." मी आत जाऊन चांगली साडी नेसून आले गं! चहात वेलदोडे टाकले. मग म्हणाले, "प्रतीक्षाले मांगनी घालाव म्हनतो. पन तुम्ही थोरल्या. तुमची हरकत असन तं इथंच थांबतो."

साडीची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, "प्रतीक्षा सरवा येचाले नाही येत, तुमच्यावर जाळं टाकाले येते. नवरा जिता होता तवापासूनच."

त्यांनी कप खाली ठेवला. "वयनी, माह्याजवळ बोलल्या तं बोलल्या. दुसऱ्या कोनाजवळ बोलू नका, तुमचंच नाव खराब होईन." मग उरलेला चहा संपवला, चांगला झाला म्हणाले आणि गेले.

त्यांनी तुला यातलं काही सांगितलं नाही, हे तुझ्या पत्रावरूनच कळलं. असा माणूस तुला मिळाला, याचाच सगळ्यात जास्त जळफळाट होतो.

एकदा तुझ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली. आता देवासमोर सही करायची, तर हे तुला आधी कळायला हवं. वाचूनही माझीच सही हवी असेल तर फोन कर, सकाळच्या एसटीने येते. नको असेल तर सासूबाईंना खरं कारण सांग. छायाला ताप आला म्हणू नकोस.

तू म्हणशील तर तुझी जाऊ,
छाया