एका हरणाला एकच गोळी

कोर्व्हे बेट, १५ ऑक्टोबर १९७४

पोचलो एकदाचे! बोट सात तास नुसती हिंदकळत होती. ओनेझिमने सकाळचं सगळं खाल्लेलं आखातात ओकून टाकलं. मी मात्र त्याच्या वाटणीचा काकवी लावलेला पावसुद्धा संपवला. नवरा आजारी पडला की बायकोला भूक लागते, काय करणार!

धक्क्यावर आमच्या स्वागताला कोण, तर हरणं. पंधरा-वीस असतील. दोरखंडाला लागलेलं खारं पाणी चाटत उभी होती, माणसं बघून हलायचं नाव नाही. आणि केवढीशी! शेळीएवढी. ओनेझिम बघतच राहिला. त्याच्या थोरल्या भावाने, दोनाने, जेवणाच्या टेबलावर दहा फाट्यांची शिंगं टांगून ठेवली आहेत आणि दर नाताळात ती पुसत बसतो. ओनेझिमला त्याच्यापेक्षा मोठी शिंगं हवीत. मी इथे शिकाऱ्यांचं मांस कापायला आले आहे, हा फुकट आला आहे आणि परवान्यावर एक हरीण मारायची मुभा आहे. सात नोव्हेंबरच्या शेवटच्या बोटीने आम्ही घरी, माताँला परत. त्यानंतर बर्फ, मग एप्रिलपर्यंत बोट नाही.

लॉजची मालकीण ओदील शेव्हारी. काटकुळी बाई, हसली तर पैसे पडतील अशी. सामान खाली ठेवायच्या आत तिने नियम सांगितला. एका हरणाला एकच गोळी. कोथळा तिथेच काढायचा, हरीण खांद्यावर टाकायचं आणि लगेच चालू लागायचं. आणि काहीही झालं तरी लागोपाठ तीन गोळ्या झाडायच्या नाहीत. ओनेझिम माझ्या कानात पुटपुटला, की बाई काडतुसांच्या बाबतीत भलतीच चिक्कू दिसते. मला इतकं हसू आलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं.

बोट निघताना कप्तानाने एक लांब भोंगा दिला. धक्क्यावरच्या सगळ्या हरणांनी एकदम माना वर केल्या. गोड दिसलं ते.

१८ ऑक्टोबर

कामाला लागले. मांस कापायचं छप्पर चांगलं आहे, आकडे मजबूत आहेत, हाडं कापायची करवत माझ्या बाबांच्या दुकानात होती तशीच. खाटकाची मुलगी आहे, हाताला सवय व्हायला अर्धा तास लागला.

पण जनावरं बघून जीव हळहळतो. आज एक नर आला, शिकारी नाचत होता. तोललं तर एकशे आठ पौंड. मी जबडा उघडून दात बघितले. साडेपाच वर्षांचा! आमच्याकडे या वयाचा नर दोनशेच्या खाली नसतो. दाढा झिजून हिरडीला टेकलेल्या. तोंड म्हाताऱ्याचं आणि अंग पोराचं.

ओरेलला विचारलं. हा इथला वाटाड्या, सत्तरीचा, तोंडात कायम विझलेला पाइप आणि बोलणं तिरकं. म्हणाला, "मादाम, एका ताटावर शंभरजण बसवा, मग बघा कोण वाढतं ते." ओदीलच्या आजोबांनी शिकारीसाठी दोन डझन हरणं बोटीतून आणून सोडली होती. बेटावर लांडगा कधीच नव्हता. अस्वलं होती, पण हरणांनी बोरांची झुडपं मुळासकट खाल्ली आणि अस्वलं उपाशी मेली. आता हरणांचं पोट भरेल एवढं काही उरलेलं नाही आणि त्यांना खाणारंही कोणी नाही. शिकारी मारतात ते पिंपातून पेलाभर काढल्यासारखं. जंगलात डोकावून आले. माझ्या खांद्यापर्यंत एक पान नाही, एक रोप नाही, झाडून काढल्यासारखं स्वच्छ.

ओनेझिमने आज सात हरणं जवळून जाऊ दिली. म्हणतो, यांची शिंगं टांगली तर दोना त्यावर टोपीसुद्धा अडकवणार नाही.

२२ ऑक्टोबर

छपरामागे हाडं आणि आतडी टाकायचा खड्डा आहे. संध्याकाळी भरलेला असतो, सकाळी रिकामा. कोल्हे असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण आज खड्ड्याच्या कडेला मांडीचं एक हाड सापडलं. दोन्ही टोकांना मधून कुरतडून जेवणाच्या काट्यासारखं झालेलं. कुत्र्याने चावलेलं हाड मी हजारदा पाहिलं आहे, कोल्ह्याचंही. ते सुळे रोवतात. हे तसं नव्हतं. हे कोणीतरी दाढेत आडवं धरून, सावकाश, ऊस खाल्ल्यासारखं चघळलं होतं.

आणि एक गंमत. मी करवत चालू केली की झाडांतून हरणं बाहेर येतात. थांबवली की थांबतात. ओनेझिम म्हणाला, तुझं गाणं आवडतं त्यांना. त्याला म्हटलं, तुला आवडत नाही ते नशीब.

२६ ऑक्टोबर

पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं.

आतड्यांची बादली खड्ड्यात ओतून वळले तर मागे एक मादी उभी. मला ढकलून पुढे गेली. हो, ढकलून! आणि आतड्यांत तोंड घातलं. मागून तिचं पाडस आलं, तेही. मी बादली वाजवली तर मान वर करून बघितलं फक्त. नाकापर्यंत लाल.

ओदीलला जाऊन सांगितलं. तिने भांडी घासायचं थांबवलंसुद्धा नाही. म्हणे चुन्याची कमतरता असली की गाईसुद्धा हाडं चघळतात. ते खरं आहे, आमच्या बाबांच्या गाई चघळायच्या. वर म्हणाली, "पाहुण्यांसमोर तोंड उघडू नका. तुम्हाला कापायला ठेवलंय, बोलायला नाही." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण सात तारखेआधी निघाले तर सगळी मजुरी बुडते.

रात्री वाटाण्याचं सूप होतं. मला गेलं नाही.

३१ ऑक्टोबर

आजच्या बोटीने सगळे पाहुणे गेले. एकजण ठरल्या दिवसाच्या आधीच निघाला. त्याच्या कोटाची बाही कोपरापर्यंत फाटली होती. जाता जाता म्हणाला की ही शिकार नव्हे. गोळी झाडली की बाकीची हरणं पळायला हवीत ना? इथे येतात. आवाजाकडे येतात. त्यांना कळलंय की गोळीनंतर कोथळा पडतो. तो कोथळा काढत होता तेव्हा त्याच्या हातातूनच ओढायला लागली.

म्हणून एकच गोळी. म्हणून लगेच चालू लागायचं. आणि मी मूर्ख, काडतुसं वाचवते म्हणून हसत होते!

ओनेझिमला म्हटलं, शिंगं गेली खड्ड्यात, आता लॉजमध्येच बस. तो फुरंगटला. ओरेल त्याला जेवताना चिडवतो की भावाला रिकाम्या हाताने तोंड दाखवायचं तर मिशा तरी मोठ्या वाढव.

५ नोव्हेंबर

दोन दिवस उरले. सामान भरलं. हिमाची भुरभुर सुरू झाली आहे.

आज छपराच्या दारावर खुरांचे ओरखडे होते. दार मी रात्री बाहेरून लावलं होतं. खालच्या फळीवर रक्ताचे डाग पडतात, ते चाटून चाटून लाकूड पातळ झालं आहे. माझे हातमोजे दाराबाहेरच्या खुंटीवरून गायब. चामड्याचे होते.

ओरेलने आज ओनेझिमला सांगितलं की उत्तरेच्या टोकाला एक मोठा नर आहे. खरोखर मोठा, दोनाची शिंगं त्याच्यापुढे कंगवा. ओनेझिमचे डोळे असे चमकले की मला रडू आलं.

मग डोक्यात आलं, सगळं बेट उपाशी आणि हा एकटाच मोठा कसा? काय खातो?

६ नोव्हेंबर

सकाळी उठले तर तो गेलेला. बंदूक नाही. उशीवर चिठ्ठी, दुपारपर्यंत येतो, रागावू नकोस गं.

अकरा वाजता एक गोळी ऐकू आली, उत्तरेकडून. बरं म्हटलं. मारलं असेल, निघाला असेल.

साडेअकराला तीन. लागोपाठ. एक, दोन, तीन.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तीन गोळ्या म्हणजे मदत करा, धावा. माझ्या माणसाला कितीही नियम सांगा, पाय मोडल्यावर तो तीनच झाडणार. मी धावत बाहेरच्या खोलीत आले. ओदील दाराला अडसर घालत होती. ओरेल पाइप हातात घेऊन जमिनीकडे बघत उभा. मी त्याची कॉलर धरली, चल म्हटलं. तेव्हा बोलला. दोन वर्षांपूर्वी एकाने अशाच तीन झाडल्या होत्या. तिघं मदतीला गेले. दोघं परत आले. तेव्हापासून तीन ऐकू आल्या की बेटावरचं कोणी मदतीला जात नाही. मी ओरडले, मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? ओदील अडसर धरूनच म्हणाली, सांगितलं असतं तर आला असता का कोणी?

ओरेलच्या डोळ्यांत पाणी होतं. पण पाय हलला नाही त्याचा. थुंकले मी त्याच्या बुटांवर.

मोठा सुरा घेतला. ही वही खिशातच होती. निघाले.

६ तारीख, अजून उजेड आहे

सापडला. जिवंत आहे! उत्तरेच्या टोकाला कोळ्यांची जुनी खोपटी आहे, तिच्यात सरपटत शिरला होता. घोटा मोडलाय. पोटरीचं मांस — ते लिहीत नाही. माझा रुमाल बांधला, मग परकराची पट्टी.

वाटेत मला काही केलं नाही त्यांनी. बाजूला होऊन रस्ता दिला. शेकडो होती. माझ्यामागून चालत आली, एकही आवाज न करता.

ओनेझिम म्हणतो कोणी ऐकलं नसेल, पुन्हा तीन झाडू. मी सगळं सांगितलं. आधी पटेना. मग फटीतून बाहेर बघितलं आणि काडतुसं मोजायला लागला. चार काडतुसं उरली आहेत.

तो मोठा नर त्याने पाहिला. एक गोळी त्याच्यावरच झाडली होती, चुकली. म्हणतो, जिस्लेन, त्याच्या शिंगाला कापडाची चिंधी होती. चौकटीची. शर्टाची.

७ नोव्हेंबर

सकाळ झाली. ती गेली नाहीत. दाराला घासतात. चाटतात. रुमालाचा वास येतो त्यांना.

त्याला उचलून न्यायचं ठरवलं होतं. दार हातभर उघडलं — लगेच तोंड आत. सुऱ्याने हाणलं. ते पडलं, आणि बाकीच्यांनी त्याच्यावरच —

थोडा वेळ मिळाला त्यामुळे. एवढंच.

ओनेझिम माझा हात सोडत नाही. दोनाचं नाव काढून रडला. कसली शिंगं घेऊन बसलो होतो गं, म्हणाला. मी म्हटलं, घरी गेल्यावर तुला बडवणार आहे. हसला.

दहा वाजले

बोट! इंजिनाचा आवाज येतोय. टोकाला वळसा घालूनच जाते ती. समुद्रावरच्या माणसाला एकच खूण कळते. तीन गोळ्या. दुसरी खूण नाही आपल्याकडे.

आणि बाहेरच्यांनाही तीच कळते.

ठरवलं. दोघांनी मिळून ठरवलं. मीच म्हटलं, झाड. तो खिडकीशी आहे. मी दाराला पाठ लावून लिहितेय, लिहिलं नाही तर किंचाळेन.

एक.

चाटणं थांबलं. सगळ्या माना वर.

दोन.

जंगल हलतंय. सगळं जंगल इकडे —

तीन.

भोंगा! भोंगा दिला बोटीने! ऐकलं त्यांनी, ओनेझिम, ऐकलं! लांब भोंगा, धक्क्यावरून निघताना देतात तसा —

निघताना देतात तसा.

तो कप्तानही इथलाच. वळत नाहीये बोट. तीन ऐकल्या आणि — जातेय. सरळ जातेय —

पाठीला धक्के. मोठा आलाय. खालची फळी पातळ आहे, चाटून चाटून — ओनेझिम म्हणतो शेवटचं काडतूस मला — नाही, नाही, त्याला मार, दाराकडे, माझ्या पायाशी फळीतून नाक आत आल