पाच अक्षरं आणि मागची खोली

बॅटली, ३ नोव्हेंबर १९८६

चि. रोवेना हीस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

मी धडधाकट आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या बापाने वेगळंच काही कळवलं असणार. चिप्सच्या तेलाची कढई पेटली, भिंत काळी झाली, बंबवाले आले आणि चहा पिऊन गेले. एवढंच. पण क्लिफर्ड नॉटिंगहॅमहून धावत आला आणि म्हणाला, की आई, तुझं डोकं आता जाग्यावर नाही, घर विक आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहा. मी म्हटलं, माझं डोकं तुझ्या जन्माच्या आधीपासून याच घरात आहे, खोल्या कसल्या दाखवतोस.

शेवटी पैज लागली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, स्क्रॅबलच्या शब्दखेळात मी तुझ्या आईला हरवलं तर त्याने या घराचा विषय काढायचा नाही. हरले तर ईस्टरला मी पेटी भरायची. तो हसला आणि हात मिळवला. तुझी आई शाळेत इंग्रजी शिकवणार, मी चौदाव्या वर्षी गिरणीत चिंध्या निवडायला बसलेली. त्याला वाटतं निकाल लागलाच.

तुझे आजोबा गेले तरी त्यांचा नियम आहेच. शब्द पाचच इंग्रजी अक्षरांचा लावायचा, आणि अर्थ सांगता आला नाही तर अक्षरांच्या चकत्या परत उचलायच्या. तेव्हा झेड, क्यू असल्या आडमुठ्या अक्षरांचे पाच अक्षरी शब्द पाठव, अर्थासकट. कॉलेजात एवढं शिकतेस, त्यातलं काही घरच्यांच्या कामी येऊ दे.

तो केसाळ मित्र अजून टिकून आहे का? जेवू घालत असशील तर त्याबदल्यात केस कापून घ्यायला सांग.

लोभ असू दे, आळस नसू दे.

तुझी आजी,
ऑलिव्ह


डरहॅम, ११ नोव्हेंबर

ती. आजीस, कृ. सा. न. वि. वि.

बंबवाल्यांना तू बिस्किटंही दिलीस, हे बाबांनी पत्रात आरोपासारखं लिहिलं आहे.

शब्द घे. क्वर्न, म्हणजे दगडी जातं. क्वॉइन, म्हणजे भिंतीच्या कोपऱ्याचा चिरा. बेझल, म्हणजे अंगठीत खडा धरून ठेवणारी कड. टोपॅझ, म्हणजे पुष्कराज. इथल्या स्क्रॅबल क्लबात पोरं नुसते शब्द पाठ करतात, अर्थ विचारला की आपण काहीतरी असभ्य बोललो अशा नजरेने बघतात. आजोबा असते तर सगळ्यांच्या चकत्या परत पिशवीत गेल्या असत्या.

एक सांगते. आईने फोनवर सहज विचारलं, की आजीला कुठली अक्षरं जड जातात. मी नाही सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली. जपून राहा, ती तयारी करते आहे असं दिसतं.

केसाळ मित्राने केस कापले. आता तो फारच साधा दिसतो, म्हणून विचार चालू आहे.

नमस्कार, आणि कढईपासून लांब राहावे ही विनंती.

तुझी,
रोवेना


बॅटली, १४ डिसेंबर

चि. रोवेना हीस आशीर्वाद.

शब्द बसले. जातं माझ्या आजीकडे होतं, ती त्याने दार अडवायची. त्याला इंग्रजीत असलं सरदारी नाव आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. बेझल तेवढा पुन्हा पुन्हा निसटतो. शेजारच्या मिसेस ऑल्डरॉइडबरोबर रोज सराव करते. तिला काहीच येत नाही, त्यामुळे उमेद वाढते.

तुझी आई माझी कमजोरी विचारत होती म्हणजे बाई जिंकायलाच येणार. येऊ दे. आली नसती तर मला अपमान वाटला असता. पण खरं सांगते पोरी, काल मी जिन्याच्या पायऱ्या पुसल्या आणि पुसताना वाटलं, ही शेवटची वेळ असेल तर उगाच एवढ्या घासल्या.

लोभाचं तू बघ, मी शब्दांचं बघते.

आजी


बॅटली, २९ डिसेंबर

सौ. सूनबाई म्युरिएल हीस आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचलात हे क्लिफर्डने कळवलं. पत्र तुला लिहिते आहे, त्याला दाखवू नकोस.

मी नऊ गुणांनी जिंकले. क्लिफर्डने तीनदा बेरीज केली तरी नऊच. पण शेवटची खेळी तुझी होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ई’ मोकळा होता, आणि तुझ्या पट्टीवर एफ, यू, आर, झेड. फर्झ. पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, आपल्या मागच्या टेकडीवर रान माजलंय त्याचं, तूच त्यात सायकल घातली होतीस. तू म्हणालीस काही लागत नाही. मग उरलेल्या चकत्या सगळ्यांसमोर उघड्या करायच्या सोडून पिशवीत लोटल्यास आणि विचारलंस पुडिंग कुणाला हवं. ही रीत या घरात आजवर कुणी मोडली नव्हती. मी जन्मभर चिंध्या निवडल्या बाई. ढिगातून रेशीम जाताना मला दिसतं.

मला भीक नको. का केलंस ते सरळ लिही, नाहीतर मी क्लिफर्डला सांगून पेटी भरते.

ऑलिव्ह बॅराक्लॉ


नॉटिंगहॅम, २ जानेवारी १९८७

ती. सासूबाईंस सा. न. वि. वि.

कृपा करून पेटी भरू नका. भीक नव्हती, गरज माझी होती.

मागच्या खोलीत एक खुर्ची आहे. शाळेतून आल्यावर मी दार लावून तिच्यावर बसते आणि काहीही करत नाही. लग्नानंतर मला मिळालेली ही पहिली दार लागणारी खोली. गेल्या खेपेला तुम्ही तीन आठवडे राहिलात, तेव्हा माझे सगळे डबे-बरण्या तुम्ही उंचीप्रमाणे लावलेत, आणि आमच्या पाद्रीबाबांना माझी खीर चिकट होते असं सांगितलंत. तुम्हाला यायचं नाही, तुम्ही आलेलं मला नको आहे. पण हे आपल्यापैकी कुणीही बोललं तर क्लिफर्ड दुखावेल. म्हणून हरले.

सोपं नव्हतं. तुम्हाला कुठली अक्षरं जमत नाहीत हे कळलं असतं तर त्यांच्यासाठी जागा मोकळ्या ठेवल्या असत्या. रोवेनाने दाद दिली नाही. तुम्ही टोपॅझ लावलात तेव्हा मी टेबलाखाली देवाचे आभार मानले.

रागावला असलात तर समजू शकते. आहे तेवढा लोभ चालेल.

आपली,
म्युरिएल


बॅटली, ६ जानेवारी

सौ. म्युरिएल हीस अनेक आशीर्वाद.

खीर चिकटच होते. बाकी सगळं तुझं बरोबर आहे.

राग नाही. इतक्या वर्षांत तू मला गोड गोड पत्रं लिहिलीस, ती वाचून मला कधी तू कळलीच नाहीस. हे पत्र मात्र दोनदा वाचलं. खोलीचं दार लावून बसत जा. मी येते कधीमधी, तीन दिवस, आणि डब्यांना हात लावणार नाही. लावला तर बोल.

आता कामाचं. क्लिफर्डचं आज पत्र आलं. पैज बायको हरली, मी नाही, असं त्याचं म्हणणं. ईस्टरला तो स्वतः माझ्यासमोर बसणार आहे आणि पुन्हा घराचं ठरणार म्हणतो. मी हो कळवलं आहे. त्याच्याशी मी खरी खेळेन, तू मध्ये पडू नकोस. पण तो आता रोज संध्याकाळी तुला गाठून शब्द विचारेल, अर्थ विचारेल. तेव्हा तुझ्या खोलीत जा, दार लाव, आणि त्याला एकही शब्द शिकवू नकोस.

तुझी सासू,
ऑलिव्ह